चिंचेच्या दिवसांतली सोबत

गेल्या सोमवारी पेठेत चिंचेची पहिली गाडी आली. पोत्याचं तोंड सुटलं तशी तांबूस धूळ उडाली आणि सगळ्या गल्लीच्या तोंडाला पाणी सुटलं. आमच्या गल्लीतले तेलुगू विणकर उन्हं चढायच्या आत रस्त्याच्या कडेनं सूत ताणतात आणि त्याला खळ लावतात. त्या खळीचा आंबूस वास आणि चिंचेचा आंबट वास माघाच्या शेवटी एकमेकांत मिसळतात, कडुनिंबाची पानं अंगणात यायला लागतात, आणि दुपारी गिरणीचा भोंगा झाला की दार लोटून घ्यावंसं वाटतं. सोलापुरात थंडी संपली ती अशी कळते.

मी वही काढली. घराला वर्षाची चिंच किती लागते, त्यातली आमटीला किती, भांड्यांना किती, लेकीकडे किती पाठवायची, हे सगळं तिच्यात आहे. माझी वही गल्लीला ठाऊक आहे. लग्नघरची माणसं भांड्यांची यादी करायला मला बोलावतात, आणि मी गेले की आचारी जरा सरळ बसतात.

त्याच दुपारी समोरच्या घरातली सून आली. तिचे सासरे थकले आहेत. त्यांच्या सोबतीला त्यांच्याच वयाचे एक गृहस्थ मिळाले आहेत. गिरणीतलं काम सुटलेलं, घरी बसून कंटाळलेले. रोज सकाळी येतील, संध्याकाळी जातील. औषधपाण्याचं वैद्य बघतातच, यांनी नुसतं सोबत राहायचं, हाताला धरून फिरवायचं, पेज भरवायची. "काकू, त्यांनी काय काय करायचं ते नीट लिहून द्या," ती म्हणाली. "नाहीतर दोघं म्हातारे नुसते गप्पा मारत बसतील."

मी लिहायला घेतलं. उठवण्याची वेळ, तोंड धुणं, पेज, ओट्यापर्यंत चालणं. सातव्या ओळीत लिहिलं, 'खोलीचे दार सतत उघडे ठेवावे.' आणि तिथं माझा टाक थांबला. बारा वर्षांपूर्वी हीच ओळ मी एकदा कुणालातरी सांगितली होती. तेव्हाही चिंच फोडायचेच दिवस होते.

मानमोडीची साथ येऊन गेल्याला सात-आठ वर्षं झाली होती. मी सदतीस-अडतीस वर्षांची होते, दोन बाळंतपणं आणि एक मोठं घर हाताखालून गेलेलं. आमच्या ह्यांचं भुसाराचं दुकान. घरात ह्यांची आई, म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना सगळेच अव्वा म्हणत. अव्वांचं सगळं बोलणं कानडीतून चाले. माझं माहेर बार्शीचं. आम्हीही लिंगायतच, पण बोलणार मराठी. सासरी येऊन वीस वर्षं झाली तरी कानडी माझ्या कानाला कळे आणि पळत्या बोलण्यात मागं पडे. अव्वा माझ्याशी मराठीत बोलत, पाहुण्याशी बोलावं तसं, थोडं सावकाश.

मायव्वा जवळच्या कुंभारी गावची. जातीची धनगर, अव्वांपेक्षा दोन-चार वर्षांनीच लहान असेल. दर शनिवारी डोक्यावर लोण्याचं मडकं घेऊन पेठेत यायची. तिचे दोन्ही मुलगे साथीत गेले होते आणि ती भावाच्या घरी राहायची. तो भाऊ घोंगडी विणायचा. संक्रांतीच्या सुमाराला एकदा लोणी घेऊन झाल्यावर अव्वा मला म्हणाल्या, हिला आता मडकं झेपत नाही, हिला घरात ठेवून घे, माझ्या सोबतीला. मी म्हटलं, सोबतीला मी आहे की. अव्वांनी मान वर केली नाही. तू कामात असतेस, म्हणाल्या.

संशयाची सुरुवात तिथंच झाली. पेठेत ओळखीच्या, आमच्यातल्या चार म्हाताऱ्या होत्या. त्या सोडून ही लोणीवालीच का? जिला स्वतःला उठताना भिंत धरावी लागते, ती दुसऱ्या म्हातारीला काय धरणार? पण अव्वांनी माझ्याकडे तोवर काही मागितलं नव्हतं, म्हणून मी हो म्हटलं. दोन वेळचं जेवण, सोप्यात झोपायला जागा, दिवाळीला लुगडं. शनिवारी दुपारी बाजार करून परतणाऱ्या गाड्यांतून ती कुंभारीला जायची आणि सोमवारी सकाळी परत यायची.

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तिला यादी तोंडी सांगितली. रोज संध्याकाळी मी वही घेऊन विचारायची आणि ती मान डोलवायची. पेज दिली? "झालं वो सूनबाई." ओट्यापर्यंत चालल्या? "झालं की." सगळंच झालेलं. माणसाच्या हातून एखादी गोष्ट राहते. हिच्या हातून काहीच राहत नव्हतं. एकदा मी मुद्दाम यादीत नसलेलं काम विचारलं. अव्वांच्या तळपायाला एरंडेल चोळलंस का? ती म्हणाली, "झालं की." आता सापडलीस, असं मनात म्हणत मी अव्वांचे पाय पाहिले. ते खरंच तेलकट होते. मग तर माझा संशय दुप्पट झाला. न सांगितलेलं काम करणारं माणूस आणखी काय काय करत असेल, हे मला कसं कळणार होतं?

संशय घेणं हे घरकामासारखं असतं. ते एकदा हातात घेतलं की रोज करावं लागतं. मी रोज करत होते. दोघी बोलत बसलेल्या असायच्या. कानडीतला एखादा शब्द माझ्या हाती यायचा, नवरा, मेंढी, पाऊस, आणि मी उंबऱ्यात पाय टाकला की दोघी मराठीत यायच्या. माझ्या घरात मी शिरल्यावर बोलणं बदलतं हे मी वहीत लिहू शकत नव्हते, म्हणून ते डोक्यात ठेवत होते.

चिंच फोडायला आम्ही तिघी अंगणात बसायचो. चिंच फोडण्याला जोर लागत नाही, चिकाटी लागते. वरचं टरफल हलक्या हातोडीनं ठेचायचं, आतल्या शिरा ओढायच्या, मग गर उलगडून चिंचोके काढायचे. तासाभरात बोटं तपकिरी होतात, दुसऱ्या दिवशी नखांच्या कडा चुरचुरतात, तिसऱ्या दिवशी मीठ लागलं की डोळ्यांत पाणी येतं. अंगणातून चालताना टरफलं पायाखाली कडकड मोडत. काम संपल्यावर ज्या घंगाळात हात धुवायचे, ते घंगाळ आतून सोन्यासारखं निघायचं.

अव्वा एके काळी या कामात गल्लीत पहिल्या. त्या वर्षी मात्र हातोडी त्यांनी मायव्वाला दिली होती आणि स्वतः दोन्ही हात चिंचेच्या ढिगात घालून बसायच्या. त्यांच्या वाट्याच्या गरात चिंचोके राहून जात. मी बोलून दाखवलं. डोळ्यांना दिसत नाही, असं त्या म्हणाल्या. आज मला वाटतं, मी एवढी बघणारी बाई, पण चिंचेत गुंतलेला हात काम करतोय की थरथरतोय हे मला ओळखता आलं नाही. ताटात त्या भाकरी कुस्करून घ्यायच्या, तुकडा मोडायचाच नाही. आमटी सांडली की माझ्या वाटीच्या काठाला दोष द्यायच्या. मी वाटी बदलली.

आता पूजेचं. आमच्यात लहानपणी गळ्यात आलेलं लिंग मरेपर्यंत अंगावरून उतरत नाही. रोज अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, ते डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, बेल वाहायचा आणि डोळे लावून बसायचं. ही पूजा ज्याची त्यानं करायची, दुसऱ्यानं केलेली चालत नाही. अव्वांची पिढी पूजेशिवाय अन्नाला शिवायची नाही. अव्वांना पूजेला पाऊण घटका लागायची, हे मला वीस वर्षांच्या सवयीनं ठाऊक होतं. मायव्वा आल्यापासून दार बंद होऊ लागलं आणि वेळ वाढू लागला. दोन घटका, मग त्याहून जास्त. आणि मायव्वा आत.

मी नियम केला, पूजेच्या वेळी दार उघडं राहील. अव्वा म्हणाल्या, वाऱ्यानं दिवा विझतो. त्या खोलीला खिडकी नाही. वारा येणार कुठून? दुसऱ्या दिवशी दार पुन्हा बंद. मायव्वाला मी बाजूला घेऊन विचारलं की पूजेच्या वेळी तुझं आत काय काम. ती म्हणाली, "बसते की हितं कोपऱ्यात. तेवढंच द्येवाचं दर्शन." तिचा देव बिरोबा. आमच्या अव्वांच्या तळहातावर तिला कसलं दर्शन?

शिवाय रविवारचा उपास. संक्रांतीपासून अव्वांनी रविवारचा उपास धरला होता, नुसत्या पाण्यावर. कसला म्हणून विचारलं तर मनात आलं म्हणून, असं सांगितलं. मी 'रविवार, अव्वांचा उपास' असं वहीत लिहिलं आणि एका माणसाचं पीठ कमी भिजवू लागले. रविवारी मायव्वा घरी नसते, हे त्याच वहीत दुसऱ्या पानावर होतं. दोन पानं शेजारी ठेवून बघायची मला बुद्धी झाली नाही.

फाल्गुन लागल्यावरचा शनिवार. सकाळी अव्वांच्या डोक्याला तेल घालताना माझी नजर त्यांच्या गळ्याकडे गेली. लिंगाची चांदीची डबी तिथं नव्हती. माझ्या आजेसासूपासून आलेली ती डबी, तिच्या जागी तांबड्या फडक्याची एक पुरचुंडी दोऱ्यात बांधलेली. विचारलं तर म्हणाल्या, उन्हात चांदी तापते, काढून ठेवली. कुठे ठेवली? पेटीत. पेटीची किल्ली? त्यावर मायव्वानं कंगवा घेऊन उगाच वेणी घालायला सुरुवात केली.

दुपारी कुंभारीची गाडी दारात आली. मायव्वा ओट्यावरून उतरत होती आणि तिच्या पदराची गाठ जड लोंबत होती. मी आतून पाहिलं आणि मला पुढचं काही सुचलंच नाही. बाहेर आले, तिच्यापुढे उभी राहिले. गाडीवान बघत होता. समोर सूत गुंडाळणाऱ्या दोघी बायकांचे हात थांबले.

"पदरात काय आहे?" मी म्हटलं. "सोडून दाखव."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश, दातानं धरून, गाठ सोडली. चिंचोके खळखळ ओट्यावर सांडले, पायरीवरून उड्या मारत गटारापर्यंत गेले. चिंचोक्यांशिवाय त्यात काही नव्हतं. आमच्या घरी ते चुलीत जायचे. ते भाजून, दळून, शिजवून जी खळ होते ती घोंगड्याला लावतात, हे मला माहीत होतं. तिचा भाऊ घोंगडी विणतो, हेही माहीत होतं.

"अव्वांनी दिल्यात, भावाला खळीला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "बगितलंस न्हवं, सूनबाई? जाते मी."

निघताना माणूस येते म्हणतं. ती जाते म्हणाली, आणि गाडीवानाचा खांदा धरून चढली.

मला त्या वेळी वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला वाटलं, पदरात नाही म्हणजे डबी आधीच गेली. त्याच दुपारी मी अक्कलकोटला माझ्या नणंदेला कार्ड टाकलं. ही ह्यांची थोरली बहीण, धर्माला आणि बोलण्याला कडक. लिहिलं, अव्वांची डबी दिसत नाही, घरात ठेवलेल्या बाईचा संशय आहे, तुम्ही यावं.

रविवारी अव्वांचा उपास. सोमवारी मायव्वा आली नाही. अव्वा म्हणाल्या, आज सोमवार, उपास. मी म्हटलं बरं. मंगळवारी म्हणाल्या, भूक नाही. दुपारी अंगणात चिंचेचा ढीग होता, पण त्या बाहेर आल्या नाहीत. मी एकटी फोडत बसले. घरात इतकी शांतता होती की गल्लीतल्या मागांचा ठकठकाट स्वयंपाकघरापर्यंत यायचा. तेव्हा पहिल्यांदा मला त्या दोघींच्या बोलण्याची सवय झाली होती हे कळलं. न कळणारं बोलणंही घरात असावं लागतं, हे तेव्हा मी कबूल केलं नसतं.

बुधवारी सकाळी अव्वांच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. मी ढकललं.

अव्वा पाटावर बसल्या होत्या. मांडीवर गोधडीची तिहेरी घडी, तिच्यावर डावा हात. उजव्या हातानं त्या गळ्यातल्या पुरचुंडीची गाठ सोडू बघत होत्या. हात असा थरथरत होता की बोटं गाठीपर्यंत जाऊन परत येत होती. विभूती कपाळावर कमी आणि लुगड्यावर जास्त होती. कितीतरी वेळ त्या तशा बसल्या असाव्यात, कारण दिव्यातलं तेल संपत आलं होतं.

त्यांनी मला बघितलं आणि हात गोधडीखाली घेतला.

"डबी पेटीत आहे," त्या म्हणाल्या. "झाकण घट्ट आहे, माझ्यानं उघडत नाही. म्हणून फडक्यात."

मी खाली बसले. मग त्यांनी सांगितलं, मराठीतच, माझ्यासाठी सावकाश. दिवाळीच्या आधी एका शनिवारी सोप्यात पूजेला बसल्या असताना लिंग हातून निसटलं आणि जमिनीला लागलं. त्यांच्या लहानपणी सांगत, लिंग पडलं तर माणसानं मागं जिवंत राहू नये. त्या क्षणी दारात मायव्वा लोण्याचं मडकं घेऊन उभी होती. तिनं सगळं पाहिलं. मडकं खाली ठेवलं, अव्वांचा हात दोन्ही हातांत धरला आणि थरथर थांबेपर्यंत सोडला नाही. मग लोणी मोजून दिलं आणि गेली.

"चार महिने झाले, कुणाला बोलली नाही," अव्वा म्हणाल्या. "असं माणूस मी जाऊ देणार होय?"

संक्रांतीपर्यंत त्यांनी एकटीनं निभावलं. पुढं हात ऐकेना. दार लावून मायव्वा त्यांच्यापुढे बसायची, खाली आपला पदर पसरायची आणि अव्वांच्या तळव्याखाली आपला तळवा धरायची. लिंगाला तिनं बोट लावलं नाही. ती नसेल त्या दिवशी पूजा नाही, आणि पूजा नाही म्हणून जेवण नाही. रविवारचा उपास तो हाच होता.

माझ्या मनात आधी काय आलं ते लिहिते. आधी आलं, मठाच्या स्वामींना कळलं तर? आमच्यात जातिभेद नाही असं स्वामी दर श्रावणात सांगतात. ऐकून सगळे मान डोलवतात आणि घरी येऊन आपापली भांडी वेगळी ठेवतात. धनगरणीच्या हातावर अव्वांचा हात आणि त्यावर लिंग, हे पेठेत कळलं असतं तर काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. नंतर मनात आलं, मला का नाही सांगितलं? ते मी विचारलंच.

"तुझ्या वहीत गेलं असतं," अव्वा म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. "हात थरथरतो, लिहिलं असतंस. मग वाढायचा डाव माझ्या हातातून गेला असता, मग किल्ल्या. तू वाईट नाहीस गं. तू नीट करणारी आहेस. तिचं तसं नाही. तिला उठताना मी धरते, माझा हात ती धरते. झाली फिटंफाट."

मी म्हटलं, मग आता मी धरते. त्या तयार झाल्या. मी गाठ सोडून दिली, त्यांच्या तळव्याखाली माझा तळवा ठेवला आणि हात हलू नये म्हणून मनगट घट्ट धरलं. हात जास्तच थरथरू लागला. मी आणखी घट्ट धरलं. अव्वांनी डोळे उघडले, लिंग फडक्यात गुंडाळायची खूण केली.

"साकु," त्या म्हणाल्या. पुरे. "तू पकडून ठेवतेस गं. माझं ध्यान तुझ्याकडे जातं."

ह्यांना दुकानातून बोलावून मी आईजवळ बसवलं आणि दुकानाची गाडी घेऊन कुंभारीच्या रस्त्याला लागले. दोन्ही बाजूंना ज्वारीची खळी चालली होती, कडबा रचून होता. रस्त्याकडेच्या झाडांवर चढून माणसं काठ्यांनी चिंचा झोडत होती आणि खाली बायका वेचत होत्या. मी नेहमीच्या सवयीनं काय बोलायचं ते क्रमानं ठरवत गेले. चूक झाली, हे पहिलं. डबी सापडली, हे दुसरं. परत चल, हे तिसरं.

मायव्वा भावाच्या दारात बसली होती. शेजारी नवं घोंगडं ताणलेलं, आणि भाऊ मोठ्या कुंच्यानं त्याला खळ लावत होता. त्यांनी खळीला चिंचोके दुसरीकडून आणले होते. मी समोर उभी राहिले आणि मला पहिलं वाक्यही पुरतं म्हणता आलं नाही. तिनंच विचारलं.

"अव्वा जेवल्या?"

"नाही. शनिवारपासून."

तिनं हातातलं काम ठेवलं आणि उठायला गेली. गुडघे वर येईनात. तिनं सवयीनं हात पुढे केला, समोर कोण आहे ते न बघता. मी धरला. त्या वेळी मात्र मला जोर लावावा लागला नाही. ती आपल्या वेळानं उठली, मी नुसती उभी राहिले.

ती गाडीत बसली. गावाबाहेर आल्यावर म्हणाली, "सूनबाई, दार बंद ऱ्हाईल."

"राहील."

"आन कोन इचारलं तर?"

"मी बाहेर बसेन," मी म्हटलं.

ती हसली नाही. माझ्यावर भरवसा ठेवायचा की नाही, याचा ती विचार करत होती. तिचं तोंड बघून मला ते कळत होतं, आणि तो विचार करायचा तिला हक्क होता.

समोरच्या सुनेची यादी मी काल परत दिली. दाराची ओळ खोडून. तिनं कारण विचारलं. मी सांगितलं, दोघं गप्पा मारत बसले तर बसू देत. तिला ते पटलं नाही. तिच्या डोळ्यांत मला माझेच जुने डोळे दिसले. ती रोज दाराशी कान देणार, सासऱ्यांच्या खोलीतल्या वस्तू मोजणार, त्या गृहस्थांची पिशवी बघणार. मी आणखी काही लिहून दिलं असतं तरी ती थांबली नसती. आणि खरं सांगायचं तर, मीही अजून पुरती सुटलेली नाही. परवाच लेकीनं घरकामाला पाठवलेल्या बाईनं न सांगता माझी चादर बदलली, तर मी आधी उशीखाली हात घालून बघितलं.

त्या बुधवारी आम्ही घरी पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. मायव्वानं पाय धुतले, आत गेली, दार लागलं. मी चिंचेचं सूप ओढून दाराला टेकून बसले. पहिलीच चिंच फोडत होते तोच अंगणात टांग्यातून नणंद उतरली. माझं कार्ड तिला मंगळवारीच मिळालं होतं. डोक्यावरचा पदर सावरत, एका हातात पिशवी, ती सरळ अव्वांच्या खोलीकडे आली.

मी दारापुढे पाय लांब केला. आमच्या घरात थोरल्या नणंदेसमोर पाय लांब करून बसायची रीत नाही. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं.

"वैनी, पाय काढा."

"अव्वा पूजेला बसल्यात, वन्सं."

"या वेळेला? आणि डबी?"

"घरातच होती. चूक माझी झाली."

तेवढ्यात आत मायव्वा काहीतरी कानडीत म्हणाली आणि अव्वा हसल्या. दोन म्हाताऱ्या आवाजांतला फरक लेकीला कळायला वेळ लागला नाही.

"आत ती बाई आहे?" नणंदेनं विचारलं. "पूजेत?"

मी सगळं सांगितलं. मोठ्यानं नाही, आणि एकाही गोष्टीत पदरचं घातलं नाही. हात कसा थरथरतो, लिंग कसं पडलं, पदर कसा पसरतात, तीन दिवस नुसत्या पाण्यावर कशा आहेत. मग म्हटलं, "तुम्ही लेक आहात. तुम्हाला दार उघडायचं असेल तर मी पाय काढते. पण उघडलंत तर त्या पुन्हा पूजेला बसायच्या नाहीत, आणि जेवायच्याही नाहीत. ते मी बघितलंय."

नणंद उभी राहिली. तिचा हात दाराच्या कडीवर होता. कडी वाजली नाही, पण हातही लगेच निघाला नाही. मी माझा पाय तसाच ठेवला होता. गल्लीत कुणीतरी ताणलेलं सूत गुंडाळत होतं. आत आता बोलणं बंद झालं होतं, पाण्याची धार पडल्याचा बारीक आवाज आला.

मग तिनं कडी सोडली, पिशवी माझ्याशेजारी ठेवली आणि ती स्वयंपाकघराकडे गेली. मी वळून पाहिलं नाही. थोड्या वेळानं चुलीत फुंकणी घातल्याचा आवाज आला, धूर आला, आणि दार उघडायच्या आधीच स्वयंपाकघरातून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला.